आभाळ गडगडलं की जाळं तसंच सोडा

एप्रिल अर्धा सरला की शिरड शहापूरच्या शिवारात दुपारी तीननंतर माणसं हातातलं काम करता करता आभाळाकडं बघायला लागतात. सकाळपासून उकाडा, वारा पडलेला, आणि मग कुठून तरी काळं आभाळ चढत येतं. शिजवलेली हळद वाळत घातलेली असेल तर ताडपत्रीसाठी धावपळ सुरू होते. कुणी झाडाखाली बांधलेली जनावरं सोडतं, कुणी अंगणातलं सरपण आत घेतं. या धांदलीत एक माणूस मात्र जागचा हलत नाही. तो औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणावर असतो, वरच्या अंगाला येलदरीच्या फुगवट्यात असतो, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर असतो, नाही तर गावतळ्याच्या काठावर गळ टाकून बसलेला असतो. आभाळ आलं की मासा जास्त लागतो, असं गळवाले म्हणतात. खरं असेलही. पण त्याच अर्ध्या तासात पाण्यावरच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो.

देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 सालचा आकडा 2,887 आहे. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींनी गेलेल्या माणसांपैकी हे एक तृतीयांशापेक्षा जास्त. पूर, उष्माघात, थंडी यांपैकी कशानंही एवढे बळी घेतले नाहीत. यातले बहुतेक ग्रामीण भागातले, उघड्यावर काम करणारे. शेतकरी, मजूर आणि गुराखी यांच्याबद्दल निदान बोललं तरी जातं. मासेमारी करणारा मात्र या बोलण्यात क्वचितच येतो, कारण तो संख्येनं थोडा आणि गावापासून लांब असतो.

अमेरिकेत हा हिशेब कुणीतरी नीट मांडला आहे. तिथल्या विजेपासूनच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या जॉन जेन्सेनियस या हवामानतज्ज्ञांनी 2006 ते 2019 या काळातले 418 मृत्यू एकेक करून तपासले. विजेनं मरणारे गोल्फ खेळणारे असतात, असा तिकडं पूर्वापार समज. प्रत्यक्षात गोल्फवाले 10 निघाले आणि मासे धरणारे 40. फावल्या वेळातल्या कोणत्याही एका उद्योगात एवढी माणसं गेली नव्हती. जेन्सेनियस यांनी काढलेलं कारणही साधं आहे: मासे धरणारा आसऱ्यापासून लांब असतो, त्याला निघायला वेळ लागतो आणि तो निघतोच उशिरा.

या यादीत न येणारा, पण विजेच्या इतिहासात अमर झालेला एक वनरक्षकही तिकडचाच. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातल्या रॉय सुलिवनवर 1942 ते 1977 या काळात सात वेळा वीज पडली आणि साती वेळा तो वाचला. सातवी वीज 25 जून 1977 रोजी पडली, तेव्हा तो गळ टाकून बसला होता. केस पेटले, छाती-पोट भाजलं. तशा अवस्थेत गाडीकडं निघाला तर त्याच्या गळाचा मासा पळवायला अस्वल आलं, आणि त्यानं फांदीनं अस्वलाला हाणलं. सातव्यांदा वीज पडलेल्या माणसानंसुद्धा मासा सोडला नाही. मासेमारी करणाऱ्यांचा स्वभाव यापेक्षा चांगला कुणी सांगितला नसेल.

आता मूळ प्रश्न. पाणी वीज ओढतं का? गावात सगळे हो म्हणतील. उत्तर नाही असं आहे.

वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारांचे दाणे एकमेकांवर आदळत राहतात. या आदळाआपटीत हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड दाणे ऋण भार घेऊन मधल्या थरात राहतात. भार साठत गेला की ढगातून ऋण भाराची एक वाट खाली निघते. ती सलग येत नाही. पन्नासेक मीटरची एक उडी, क्षणभर थांबणं, पुन्हा उडी, अशी फांद्या फोडत ती उतरते. जमीन शंभर-दोनशे मीटरवर राहिली की खालून प्रतिसाद सुरू होतो. झाडाचा शेंडा, मंदिराचा कळस, विजेचा खांब, उभा माणूस, जे जे उंच आणि टोकदार त्याच्यापासून बारीक ठिणगीसारखे धागे वर निघतात. त्यातला जो धागा आधी भेटतो, तिथं वीज पडते. सरासरी तीस हजार अँपियरचा प्रवाह, आणि त्या वाटेवरच्या हवेचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट.

म्हणजे ढगातून निघालेल्या विजेला खाली पाणी आहे की काळी जमीन, याचं काही देणंघेणं नसतं. कुठं पडायचं हे शेवटच्या शंभर-दोनशे मीटरांत ठरतं, आणि ते उंचीवर ठरतं. शिवारात उभ्या माणसाभोवती बाभळी असतात, कडुलिंब असतात, खांब असतात. धरणाच्या मधोमध काय असतं? दीड-दोन किलोमीटर सपाट पाणी आणि त्यावर तराफ्यात बसलेला एक माणूस. बसला तरी त्या सगळ्या पसाऱ्यात तोच उंच. हातात बांबूची काठी किंवा गळाची कांडी उभी धरलेली असेल तर आणखी उंच. ओला बांबूही एवढ्या दाबाला वीज वाहतो. आता शहरातून येणारे हौशी लोक कार्बन फायबरच्या कांड्या आणतात, त्या तर उत्तम वाहक. धातू वीज लांबून खेचत नाही, पण एकदा पडली की वाट करून देतो.

आपल्या धरणांवरचा तराफा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. थर्माकोलच्या जाड लाद्या एकमेकींना बांधायच्या, वरून पोतं किंवा जुनं जाळं गुंडाळायचं आणि त्यावर मांडी घालून किंवा पाय पाण्यात सोडून बसायचं. काही जण ट्रकच्या टायरची ट्यूब वापरतात. वल्ह्याच्या जागी फळीचे दोन तुकडे. पुढ्यात ओलं जाळं, कमरेपर्यंत कपडे ओले. याला छप्पर नाही, कठडा नाही आणि वेगही नाही. शांत पाण्यात माणूस सावकाश चालेल, तेवढाच हा तराफा चालतो. वारा समोरून आला तर तेवढाही नाही.

वीज थेट डोक्यावरच पडावी लागते असंही नाही. अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी अ‍ॅन कूपर यांनी विजेनं जखमी झालेल्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. थेट अंगावर वीज पडल्यानं मरणारे शंभरात तीन ते पाचच, असा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. झाडावर किंवा खांबावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी मारते, अशी प्रकरणं तीसेक टक्के. आणि जवळजवळ निम्मी प्रकरणं जमिनीतून येणाऱ्या प्रवाहाची. तळ्यात दगड टाकल्यावर वर्तुळं पसरावीत तसा हा प्रवाह पडल्या जागेपासून चहूकडं पसरतो, आणि जवळ जोरात, लांब कमी होत जातो. माणसाचा एक पाय जवळच्या वर्तुळात आणि दुसरा लांबच्या वर्तुळात असला की दोन पायांमध्ये विद्युतदाबाचा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जनावरांचे पुढचे-मागचे पाय दीड-दोन मीटर अंतरावर, शिवाय प्रवाहाच्या वाटेत काळीज. म्हणून एका झाडाखालच्या चार म्हशी मरतात आणि गुराखी वाचतो.

काठावर गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळं ओढणाऱ्याची गत याहून वाईट. पाय पाण्यात, हात ओल्या दोरीला, आणि दोरीचं दुसरं टोक शंभर-दोनशे मीटर लांब पाण्यात. ओलं नायलॉन म्हणजे पाण्याची लांबच लांब पातळ वाट. वीज दुसऱ्या टोकाजवळ पडली तरी तिचा काही भाग दोरीवरून हातापर्यंत येऊ शकतो. म्हणून आभाळ गरजायला लागल्यावर जाळं ‘पटकन ओढून घेऊ’ हा विचार सगळ्यात घातक.

मग मासे का मरत नाहीत, असा प्रश्न पोरं हमखास विचारतात. चांगला प्रश्न आहे. पाण्यात शिरलेला प्रवाह वरच्या थरातूनच चहूबाजूंना पसरतो, खोल फारसा जात नाही. मासे बहुतेक वेळ त्याखाली असतात. पडल्या जागेच्या अगदी जवळ, पृष्ठभागाशी असलेले मासे मरतातही. माणूस मात्र नेमका त्या वरच्या थरात असतो. पोहणाऱ्याचं डोकं, तराफ्यावरच्याचे पाय, काठावरच्याचे गुडघे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कालव्यात डुंबणाऱ्या पोरांना म्हणूनच पहिल्या गडगडाटाला बाहेर काढायला हवं, मग पाऊस सुरू झालेला असो वा नसो.

माझ्या मते मात्र खरा घोटाळा वेळापत्रकाचा आहे. तरंगतं जाळं संध्याकाळी लावायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि पहाटे उचलायचं, अशी धरणावरच्या धंद्याची रीत. रात्री माशाला जाळं दिसत नाही, म्हणून ती रीत बरोबरही आहे. पण मराठवाड्यात वळवाच्या विजा कडाडतात त्या मुख्यतः दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान. दिवसभर तापलेली जमीन हवा वर ढकलते आणि ढग दुपारनंतरच पिकतो. म्हणजे जाळं लावायची वेळ आणि वीज पडायची वेळ एकच. एप्रिल ते मृग लागेपर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात, हस्ताच्या आगेमागे, हे रोज घडतं. ऐन पावसाळ्यात, झड लागलेली असताना विजा त्यामानानं कमी असतात, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा या दोन हंगामांत जाळं दुपारी एक-दोनपर्यंत लावून काठाला यावं. मासा थोडा कमी लागेल. संध्याकाळ पाण्यावर जाणार नाही.

आता गणित पाहू. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनानं भागायचं. तीस सेकंद आले तर वीज दहा किलोमीटरवर पडली. जगभर सांगितला जाणारा नियम असा: तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की आसऱ्याला जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. जमिनीवरच्या माणसाला हा नियम ठीक. तराफ्यावरच्याला तो अपुरा पडतो. वादळ तासाला तीस-चाळीस किलोमीटरनं सरकतं, म्हणजे दहा किलोमीटर अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापतं. मधोमध असलेला तराफा काठाला लागायला तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय ढगाच्या बाजूनं निघालेली वीज कधी कधी दहा-पंधरा किलोमीटर पुढं, वर निळं आभाळ असलेल्या जागीही पडते. पाऊस आपल्यापर्यंत आलेला नाही, ही त्यामुळं खात्री नव्हे. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. ऐकू आला, की आपण तिच्या टप्प्यात आहोत.

म्हणून तराफ्यावरच्यानं गडगडाटाची वाटच पाहायची नसते. ढग बुरजासारखा उभा वाढतोय, त्याचा वरचा भाग चपटा होऊन पसरतोय, हे दिसलं की निघायचं. उकाडा असताना अचानक गार वारा सुटला, तर उशीर झालाच म्हणून समजा. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते, तोच हा वारा. त्यापाठोपाठ लाटा येतात, आणि मग विजेच्या आधी तराफा उलटून बुडण्याची भीती.

काठाला आल्यावर जायचं कुठं? धरणाच्या काठावर हाच अवघड प्रश्न. मातीच्या धरणाची भिंत काही किलोमीटर लांब आणि आसपासच्या सगळ्या जमिनीपेक्षा उंच. तिच्यावरून चालत घर गाठणं म्हणजे तराफ्यावरून उतरून पुन्हा सगळ्यात उंच जागी उभं राहणं. एकटं झाड तर नकोच. पत्र्याची चारही बाजूंनी उघडी शेडही चालत नाही. 4 ऑगस्ट 2021 रोजी बांगलादेशात शिबगंज भागात नावेतून निघालेलं लग्नाचं वऱ्हाड पावसामुळं काठावर उतरलं आणि घाटावरच्या आसऱ्याला थांबलं. वीज पडून किमान 16 जण जागीच गेले. पाऊस अडवणारा आसरा वीज अडवतोच असं नाही. पक्क्या भिंतींची, वीजजोडणी आणि अर्थिंग असलेली खोली किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची जीप-कार, हे खरे आसरे. गाडीत माणूस टायरच्या रबरामुळं वाचतो असं समजतात. तसं नाही. बाहेरच्या पत्र्यावरून प्रवाह वाहून जमिनीत जातो, म्हणून तो वाचतो. मोटरसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना हा पत्रा नसतो.

यातलं काहीच जवळ नसेल तर सखल जागा पाहा, झाडाझुडपांपासून आणि पाण्यापासून दूर व्हा, दोघा-चौघांनी एकमेकांपासून लांब थांबा. दोन्ही पाय जुळवून, टाचा चिकटवून उकिडवं बसा. आडवं पडू नका, त्यानं जमिनीतल्या प्रवाहाला अंग जास्त मिळतं. पण हा शेवटचा उपाय आहे, यात सुरक्षितता नाही.

आपल्याकडं पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात. पायाकडून जन्मलेल्याला म्हातारी माणसं पावसात बाहेर जाऊ देत नाहीत. त्या बिचाऱ्याचा एवढा फायदा तरी होतो! तोटा बाकीच्यांचा, कारण आपण पायाळू नाही म्हणून ते निर्धास्त फिरतात. मोबाईल वीज ओढतो, हाही असाच समज. रबरी चपलेनं रक्षण होतं, ही त्याची उलटी बाजू. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला इंचभर रबराचं काय? पण सगळ्यात जास्त बळी घेणारा समज वेगळाच आहे: वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. लगेच हात लावा.

कारण इथं खरोखर जीव वाचतो. विजेनं हृदय थांबतं, पण पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरू होतं. श्वास मात्र बंदच राहतो, आणि प्राणवायू न मिळाल्यानं हृदय दुसऱ्यांदा थांबतं. या मधल्या मिनिटांत कुणी छाती दाबली आणि तोंडानं श्वास दिला तर माणूस परत येऊ शकतो. छातीच्या मधोमध, पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, तीस दाबांनंतर दोन श्वास. एकदम चार-पाच जणांवर वीज पडली असेल तर कण्हणाऱ्याकडं नंतर बघा, निपचित पडलेल्याकडं आधी. एरवीच्या अपघातातल्या रीतीच्या हे उलट आहे, पण कण्हणारा श्वास घेतो आहे, तो बहुतेक वाचणार आहे. पाय निळे पडलेत, लुळे झालेत, म्हणून घाबरू नका. विजेनंतर काही तासांसाठी असं होतं आणि सहसा बरं होतं. देशाच्या काही भागांत वीज पडलेल्याला शेणात किंवा शेणखतात गाडून ठेवतात. त्यात फक्त श्वास द्यायची वेळ वाया जाते. 108 ला फोन करा आणि दाबणं थांबवू नका.

आधी कळण्याची सोय आता फोनवर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. संस्थेची विजा टिपणारी केंद्रं आधी महाराष्ट्रात उभी राहिली, मग देशभर पसरली. तुमच्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात नुकत्याच कुठं विजा पडल्या, हे त्यावर दिसतं. धरणाच्या खोल फुगवट्यात रेंज नसते, म्हणून तराफा पाण्यात ढकलण्याआधी काठावरच ते उघडून पाहावं. चाळीसच्या वर्तुळात विजा दिसल्या तर त्या संध्याकाळी जाळं घरीच राहू द्यावं.

वीज पडून माणूस दगावला तर वारसांना शासनाकडून चार लाख रुपये मिळतात. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात घाईनं अंत्यसंस्कार उरकले की हे कागद राहून जातात, म्हणून तलाठ्याला आणि पोलिसांना आधी कळवावं. दुभती गाय-म्हैस गेली तर 37,500 रुपये आणि ओढकाम करणारा बैल गेला तर 32,000.

हा पैसा माणूस गेल्यानंतरचा. आधी करायचं कामही फार मोठं नाही. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या काठावर ज्या ठिकाणी तराफे लागतात आणि मासळीचं वजन होतं, तिथं पक्क्या भिंतींची, दार-खिडक्यांची, अर्थिंग केलेली एक खोली आणि जवळ वीज अटकाव यंत्रणा उभी करावी. मच्छीमार संस्था आणि ग्रामपंचायतींनी ही मागणी तहसील कार्यालयाकडं लेखी द्यावी, आणि ती पुढच्या एप्रिलच्या आत द्यावी.